घडीचं गोल्फ आणि एकशे बारा बिबडे

एखादी गोष्ट करायची ठरली, की ती झालीच, असं भूपेश पाटीलला वाटायचं. बाकीचे लोक आधी ठरवतात, मग करतात, मग सांगतात. भूपेश ठरवायचा आणि सांगायचा. करायचं राहिलंय, हे त्याला लोक बघायला आले की आठवायचं. पण हाताला कसब होतं, त्यामुळे बहुतेक वेळा निभावायचं.

साखर कारखान्यातल्या त्या शुक्रवारच्या बैठकीतही तसंच झालं. कारखान्याच्या वर्कशॉपचे प्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं होती, भूपेश पाटील आणि भटू पाटील. भटूदादा म्हणजे सावकाश माणूस. पाऊस पडतोय का, असं विचारलं तर तो बाहेर जायचा, हात पुढे करायचा, हाताकडे बघायचा आणि परत येऊन सांगायचा. अशा माणसाशी आपली स्पर्धा आहे, याचाच भूपेशला थोडा अपमान वाटत होता.

बैठक संपता संपता नवे कार्यकारी संचालक सबनीस साहेब चहा घेताना म्हणाले, "नाशिककडे होतो तेव्हा दर रविवारी गोल्फ व्हायचं. इथे काय, शंभर मैलांत मैदान नाही."

"माझ्याकडे आहे, साहेब," भूपेश म्हणाला.

"काय आहे?"

"गोल्फ सिम्युलेटर. घरच्या वर्कशॉपमध्ये. पुढे मोठा पडदा, त्यावर प्रोजेक्टरने मैदान दिसतं. चेंडू खराखुरा मारायचा. पडद्यावर आपटला की कॉम्प्युटर सांगतो किती लांब गेला असता. घडीचं आहे, साहेब. खेळून झालं की भिंतीला लावून ठेवायचं."

"तुम्ही केलंत? कधी?"

"मागच्या दिवाळीत."

खरं म्हणजे भूपेशकडे होता एक व्हिडिओ. अकरा मिनिटांचा. आदल्या संध्याकाळी त्याने तो पाहिला होता आणि शेवटच्या चार मिनिटांत त्याला डुलकी लागली होती.

साहेबांनी डायरी काढली. "पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी येतो. चार वाजता."

संध्याकाळी ब्राह्मणपुरीला घरी आल्यावर त्याने हे बायकोला सांगितलं. दीपमाला शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरीसुद्धा शाळेतल्यासारखीच मोजकी बोलायची. तिने पेपर तपासायचा लाल पेन खाली ठेवला.

"आज आपल्याकडे काय काय आहे?"

"तुषार सिंचनाचे जुने पाइप आहेत."

"आणि?"

"नऊ दिवस आहेत."

दीपमालाने पेन पुन्हा उचलला.

पण कामाला लागला की भूपेश कामाला लागायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंग मशिन होतं. कारखान्यातून आला की तो तिथे शिरायचा. पाइप कापून दहा फूट बाय आठ फुटांची चौकट झाली. जुन्या गोठ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या तिला लागल्या. दोन पदरी मांजरपाटाचा पडदा शिवून झाला. बाजूला हिरवी शेडनेट, मागच्या पत्र्याला केळीच्या घडाला गुंडाळायचे फोम, पायाखाली मंडपवाल्याचा हिरवा गालिचा. एक खिळा ओढला की उभी चौकट अलगद आडवी व्हायची आणि कमरेइतक्या उंचीवर चार पायांवर टेकायची. मग पाय मुडपायचे आणि चाकांवरून सगळं भिंतीशी ढकलून द्यायचं.

चेंडूचा वेग मोजायला बाजारात महागडे कॅमेरे मिळतात. दीपमालाने लॅपटॉपचा मायक्रोफोन वापरला. फटक्याचा आवाज एक, पडद्यावर आपटल्याचा दुसरा. मधलं अंतर तीन मीटर. दोन आवाजांतला वेळ मोजला की वेग आला.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "याला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. लागोपाठ दोन खटके ऐकले की हा त्याला फटकाच समजणार."

"दुसरं कोण कशाला खटके करेल?"

"आणि पडदा ढिला ठेवा, झोळीसारखा. ताठ झाला तर चेंडू आला तसा परत जाईल."

भूपेशने पडदा झोळीसारखा ढिला ठेवला. त्याच्या हातून चूक झाली ती दुसरीकडेच.

गुरुवारी त्याची आई कौसाबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. चौकट तेव्हा आडवी होती. वर पांढराशुभ्र पडदा, खाली चार पाय, पायांना चाकं. ती बराच वेळ बघत राहिली.

"भूपा, हाई काय बनाडी ऱ्हायना?"

भूपेशच्या दातांत दोन बोल्ट होते. आता गोल्फ सांगायचं म्हणजे आधी साहेब सांगायचे, मग चेंडू, मग एवढ्या लांबून मारून तो भोकात का टाकायचा, हे सांगायचं. अर्धा तास गेला असता. त्याने बोल्ट काढले आणि म्हणाला, "माय, तुन्हाकरताच शे."

"मन्हाकरता?"

"हा ना."

कौसाबाई पदराने डोळे पुसत घरात गेली. भूपेशला वाटलं, वेल्डिंगचा धूर गेला असेल.

रविवार उजाडला. शेड धुवायची होती म्हणून भूपेशने चौकट आडवी करून अंगणात ढकलली आणि नऊ वाजता तो शहाद्याला गेला. धुळ्याच्या मावसभावाने लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून प्रोजेक्टर मिळवून एसटीच्या पार्सलने पाठवला होता. साडेनऊची बस वाटेत पंक्चर झाली आणि साडेबाराला आली. भूपेश घरी पोहोचला तेव्हा दोन वाजले होते आणि पारा त्रेचाळीसच्या पुढे होता.

अंगणात गल्लीतल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. मध्ये त्याचा पडदा होता. पडद्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताटलीएवढे गोल गोल बिबडे थापलेले होते.

आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, मिरची, लसूण घालायचं, ओल्या कापडावर ओल्या हाताने पातळ थापायचं आणि उन्हात वाळवायचं, की झाले खान्देशातले बिबडे. दर चैत्रात कौसाबाई ते गच्चीवर जुन्या साड्यांवर घालायची. कुत्री यायची, शेळ्या यायच्या, आणि गच्चीच्या बावीस पायऱ्या तिच्या गुडघ्यांत यायच्या. कमरेइतकी उंच खाट करून दे, असं ती मुलाला पंधरा वर्षं सांगत होती.

"देख भूपा, कितला चांगला बसनात," कौसाबाई म्हणाली. "एकशे बारा शेत. वाकनं नही, चढनं नही."

शेजारची छबूबाई बचत गटाची अध्यक्ष होती. ती म्हणाली, "भाऊ, असा पोऱ्या देव बठ्ठास्ले देवो. मन्हा पोऱ्या पुणाले मोठा इंजिनेर शे. माले एक चाळणी बनाडी दिन्ही नही त्यानी."

भूपेशने प्रोजेक्टर जमिनीवर ठेवला.

"माय, हाई काढा. आत्तेच काढा. चार वाजता साहेब ई ऱ्हायनात."

"ओला बिबडा कोनी काढस का? फाटी जाई." तिला हा प्रश्नच बावळटपणाचा वाटला. बिबडा कडक वाळावा लागतो. मग कापडाच्या मागून पाणी शिंपडायचं, की तो आपणहून सुटतो. "उद्या सकाळे काढसूत. सायेबले बी दोन देसूत ना."

भूपेश पुढच्या खोलीत गेला. दीपमाला पेपर तपासत होती.

"तू घरात होतीस. तू अडवलं नाहीस?"

"सासूबाईंनी मला विचारलं होतं. हे माझ्यासाठीच केलंय ना, म्हणाल्या. मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाल्या, भूपानेच सांगितलं." तिने एका पेपरवर बरोबरची खूण केली. "आता मी तुम्हाला खोटं कशी पाडणार?"

भूपेशने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पण पेपर तिने उलटा धरला होता.

शेवटी तह झाला. चौकट बिबड्यांसकट शेडमध्ये न्यायची आणि उभी करायची. बिबडे वरून बरेच वाळले होते, पडणार नव्हते. अट एकच, की कौसाबाई राखणीला आत खाट टाकून बसणार. तिच्याबरोबर छबूबाई बसणार. आणि उरलेल्या घाट्याचं मोठं पातेलंही आत सावलीत राहणार, नाहीतर त्याच्यावर साय धरते.

चौकट उभी झाल्यावर दीपमालाने पडद्यावर बोटाने टिचकी मारली. टण्ण असा आवाज आला.

"ज्वारीची खळ बसली आहे," ती म्हणाली. "हा आता कपडा नाही, फळी आहे."

पण तोवर दाराशी गाडी थांबली होती. बरोबर चार वाजले होते.

सबनीस साहेब पांढरी टोपी घालून, डाव्या हातात एक हातमोजा घालून आले. वाट दाखवायला त्यांनी भटूदादाला आणलं होतं. कौसाबाईने खाटेवरूनच साहेबांना नीट न्याहाळलं आणि छबूबाईला हळूच, म्हणजे शेडभर ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं, "एकच मोजा शे. दुसरा हारपना वाटस."

भूपेशने प्रोजेक्टर लावला. पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं. झाडं आली, तळं आलं, लांबवर झेंडा आला, आणि सगळ्यावर देवी आल्यासारखे गोल गोल व्रण आले.

"पाटील," साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"ते साहेब, धक्का शोषून घेतात. गोल."

"कशाचे?"

"जैविक साहित्य आहे, साहेब."

भटूदादा पडद्याजवळ गेला. एका गोलाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, बोट जिभेला लावलं आणि परत आला. "बिबडे आहेत, साहेब," तो म्हणाला. "ज्वारीचे. मीठ बेताचं आहे."

साहेबांनी भूपेशकडे पाहिलं. भूपेशने लॅपटॉपकडे पाहिलं. साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी गाडीतून आणलेली गोल्फची काठी हातात घेतली आणि चेंडूपुढे उभे राहिले.

"दादा," कौसाबाई म्हणाली, "डावा हातले मारा. उजवा हातना अजून ओला शेत."

"मी सरळ मारणार आहे, आजी."

"सरळ नका. मधला मन्ही नणंदना शेत."

वीस वर्षांत साहेबांना गोल्फमध्ये वारा, उतार, तळं, वाळू अशा अनेक अडचणी आल्या होत्या. नणंद पहिल्यांदाच आली होती. खालच्या बाजूला, जिथे घालायचा बिबडा राहून गेला होता, तिथे परातीएवढी जागा मोकळी होती. साहेबांनी तिथे नेम धरला. खट्. टण्ण. चेंडू मोकळ्या जागेवर नेमका बसला आणि तितक्याच नेमाने परत आला. साहेब आणि भटूदादा यांच्यामधून गेला आणि मागच्या फोममध्ये रुतला. लॅपटॉपवर आकडा आला, एकशे अडतीस यार्ड.

"नाशिकला माझे दोनशे जायचे," साहेब म्हणाले.

"नवीन आहे ना साहेब, अजून बसायचंय."

"दिवाळीपासून आहे ना?"

भूपेश काही म्हणणार, तेवढ्यात वर पत्र्यावर कावळा ओरडला. वाळवणाच्या राखणीला कौसाबाईजवळ टोकाला चिरलेली बांबूची काठी होती. तिने ती बसल्या जागी जमिनीवर आपटली. काठीचे दोन चिरे एकामागून एक वाजले. खट्-टक्.

लॅपटॉपमधून टाळ्यांचा आवाज आला. पडद्यावर एक चेंडू उडाला, झाडांवरून गेला, तळ्यावरून गेला, नणंदेच्या बिबड्यांवरून गेला आणि झेंड्याच्या पलीकडे पडला. दोनशे एकाहत्तर यार्ड. आजचा सर्वोत्तम फटका.

साहेब काठी टेकून उभे राहिले. "हा कोणी मारला?"

भटूदादाने खात्री करून घेतली आणि बोट दाखवलं. "आजींनी."

कावळा पुन्हा ओरडला. खट्-टक्. दोनशे चौऱ्याऐंशी.

"सुधारणा होतेय त्यांच्यात," साहेब हळूच म्हणाले.

भूपेश खाटेजवळ जाऊन कुजबुजला, "माय, काठी ठेव."

"मी काब्र ठेवू? कावळास्ले सांग ना तू."

दीपमाला दाराला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. खोकला असावा.

आता साहेबांनी टोपी काढली. बाह्या सावरल्या. बहात्तर वर्षांच्या बाईने बसून मारलेल्या फटक्यापुढे नाशिकची सगळी वर्षं पणाला लागली होती. त्यांनी डावा-उजवा बघितला नाही, ओला-वाळला बघितला नाही. काठी मागे नेली आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून चेंडू हाणला.

चेंडू नणंदेच्या दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या बिबड्यावर बसला. बिबड्याच्या चिंध्या झाल्या. मागच्या फळीने चेंडू परत फेकला. तो साहेबांच्या डोक्यावरून, भटूदादाच्या वाकलेल्या पाठीवरून, छपराला न लागता एक सुंदर कमान करत गेला आणि घाट्याच्या पातेल्यात पडला.

डुबुक.

छबूबाईने वाकून पातेल्यात पाहिलं.

"गेला?" साहेबांनी विचारलं.

"गया," छबूबाई म्हणाली.

"एका फटक्यात?"

"एकच फटका व्हता ना तुम्हना?"

साहेब हळूहळू खाटेवर बसले. एका फटक्यात चेंडू थेट खळग्यात जाणं, हे गोल्फ खेळणाऱ्याच्या आयुष्यात एकदा घडलं तर घडतं. बऱ्याच जणांच्या घडतच नाही. "वीस वर्षं," ते म्हणाले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "वीस वर्षं वाट बघत होतो."

"चेंडू धुयेल व्हता का?" कौसाबाईने विचारलं.

नणंदेच्या फुटक्या बिबड्याचा बराच वाळलेला तुकडा तिने साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो खाल्ला, अजून एक मागितला. दीपमालाने मठ्ठा आणला. भूपेशच्या जिवात जीव आला. खुर्ची आता आपलीच, असं त्याला दिसायला लागलं. तिच्यापुढच्या टेबलाचा ड्रॉवर उघडून त्यात तो काय ठेवणार, हेही त्याने ठरवलं.

"आजी, मुलगा हुशार आहे तुमचा," साहेब म्हणाले.

हे ऐकायला कौसाबाई पंधरा वर्षं थांबली होती. "हुशार म्हनजे? आठ दिनमा बनाडी त्यानी हाई. मांगला शनवारले तं नुसता पाइप पडेल व्हतात. कारखानामाईन ये, ना लगेच ठोकाले बसे. चहासुद्धा थंडा व्हई जाये त्याना. मन्हाकरता, दादा."

साहेबांचं चावणं थांबलं. "आठ दिवसांत? दिवाळीत नाही केलं?"

कौसाबाईने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. एवढा शिकलेला माणूस. "दिवाळीले कोन बिबडा करस, दादा?"

भटूदादा छपराकडे बघायला लागला. साहेबांनी उरलेला तुकडा संपवला, हात झटकले, हातमोजा काढून खिशात ठेवला. "पाटील, उद्या दहाला भेटा," एवढंच म्हणाले आणि निघाले. फाटकाशी छबूबाई त्यांच्या गाडीच्या खिडकीपाशी उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलत होती. भूपेशने ते बघितलं नाही. तो पातेल्यात हात घालून चेंडू शोधत होता.

सोमवारी दहाला साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते.

"पाटील, नऊ दिवसांत भंगारातून ते उभं करणं मला जमलं नसतं," साहेब म्हणाले. "या कारखान्यात कोणाला जमलं नसतं."

भूपेशची छाती फुगली.

"पण गाळप सुरू असताना मी तुम्हाला विचारणार, बॉयलरचा वॉल्व्ह बसवला का? तुम्ही म्हणणार, बसवलाय साहेब, दिवाळीतच. आणि तो बसणार नऊ दिवसांनी. मधल्या आठ दिवसांत आपण सगळे कुठे असू?"

भूपेशची छाती जागेवर आली.

"वर्कशॉप मी भटूंना देतोय. घेणार का, म्हणून सकाळी विचारलं. ते म्हणाले, एकदा बघून येतो. अजून बघतायत." त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "हा तुमचा. छबूबाईंच्या बचत गटाला तशाच चाळीस खाटा हव्यात. कारखान्याच्या महिला योजनेतून करू. जबाबदारी तुमची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी हव्यात. आणि झाल्या असं सांगायला येऊ नका, घेऊनच या."

संध्याकाळी भूपेशने अंगणात उभं राहून तो कागद वाचून दाखवला. कारखान्याचं नाव, जावक क्रमांक, विषय, सगळं वाचलं. शेवटची ओळ त्याने जरा खर्जात वाचली. "श्री. भूपेश पाटील यांची वाळवण खाट प्रकल्पाचे प्रमुख म्हणून नेमणूक करण्यात येत आहे."

कौसाबाई मोकळ्या पडद्यावरची शेवटची खपली नखाने काढत होती.

"प्रमुख व्हयना ना तू?" ती म्हणाली. "मंग पहिले हाई धुई टाक. उद्या छबूनं वाळवण शे."

भूपेशने कागदाची घडी केली आणि बाह्या वर केल्या. दीपमालाने त्याच्यापुढे बादली आणून ठेवली.

"कोमट आहे," ती म्हणाली. "कोमट पाण्यात खळ लवकर सुटते."